पर्णरंध्रांच्या ठशावरून पेशीचक्राचे नियंत्रण कसे ओळखावे

पर्णरंध्र म्हणजे दोन रक्षक पेशींमधली फट, आणि या दोन्ही पेशी एकाच मातृपेशीच्या एकाच समसमान विभाजनातून तयार होतात. त्यामुळे पेशीचक्राला, म्हणजे पेशीच्या वाढीच्या आणि विभाजनाच्या क्रमाला, लगाम कोठे बसला आणि कोठे सुटला, हे पानाच्या ठशात दिसते. यावरचे बरेचसे संशोधन अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीवर झाले आहे. आपली मोहरी तिच्याच कुळातली असल्यामुळे सरावाची सुरुवात मोहरीपासून करावी.

पूर्ण उघडलेल्या पानाच्या खालच्या बाजूस, मधली शीर टाळून, रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा. तो पुरता सुकल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून हळूच सोलावी, काचपट्टीवर लावावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठी करून पाहावी. थर जाड झाला, तर पेशींच्या कडा पुसट होतात आणि पुढचे सगळे वाचन फसते.

आता एका रंध्राभोवती नीट पाहावे. तेथे लहान-मोठ्या तीन पेशी दिसतील. या असमान विभाजनांच्या खुणा आहेत. ही विभाजने ‘स्पीचलेस’ हे प्रथिन सुरू करते. पुढे ‘म्यूट’ हे दुसरे प्रथिन ती थांबवते, ‘एसएमआर४’ या निरोधकाकरवी चक्र मंदावते आणि विभाजनाला चालना देणाऱ्या ‘सायक्लिन डी५;१’ला जागे करून शेवटचे समसमान विभाजन घडवून आणते. एकाच प्रथिनाने लगाम आणि टाच दोन्ही सांभाळावे, हे मला या प्रक्रियेतले सर्वांत विलक्षण वाटते.

उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, रोपांचा ठसा वाचताना दोन चिन्हे शोधावीत. फट नसलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची एकटीच रक्षक पेशी दिसली, तर शेवटचे विभाजन अडले आहे; ‘सीडीकेबी१;१’ या विभाजन पुढे नेणाऱ्या विकराचे कार्य दडपल्यास असे होते. याउलट रक्षक पेशींच्या जोड्या शेजारी-शेजारी समांतर चिकटल्या असतील, तर ‘सीडीकेबी१;१’ला आवरणारे ‘फोर लिप्स’ हे प्रथिन निकामी असण्याची शक्यता असते. येथे घाई करू नये, कारण रंध्रांमधले अंतर राखणारी यंत्रणा बिघडली तरी घोळके दिसतात. मात्र त्यांतील रंध्रांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात.

मोजणी करताना घनतेवर, म्हणजे ठरावीक क्षेत्रातल्या रंध्रांच्या संख्येवर, विसंबू नये, कारण पेशी फुगल्या की घनता आपोआप घटते. रंध्रांच्या संख्येला रंध्रे व इतर अपित्वचा पेशी (पानाच्या बाह्य थरातल्या पेशी) यांच्या बेरजेने भागून १००ने गुणावे. हा रंध्र निर्देशांक किमान पाच ठिकाणी काढून त्याची सरासरी नोंदवावी.