छोट्या कॅबिनेटसाठी शांत एसएमपीएस कसा निवडावा

एसएमपीएस म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसणारा, त्याला वीज पुरवणारा डबा. त्याचा आवाज हा मुळात उष्णतेचा आवाज असतो. घरातली २३० व्होल्टची वीज संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलताना तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ती उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखा फिरतो आणि आपल्याला जो घरघराट ऐकू येतो तो या पंख्याचा. म्हणून शांत एसएमपीएस हवा असेल, तर पंखा किती चांगला आहे या प्रश्नाच्या आधी उष्णता किती निर्माण होणार आहे हे पाहावे.

संगणक २०० वॅट घेत आहे असे समजू. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर तो भिंतीतून सुमारे २३५ वॅट ओढतो आणि ३५ वॅट आतल्या आत तापवण्यात घालवतो. तीच कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर वाया जाणारी वीज २२ वॅटवर येते, म्हणजे उष्णता एक तृतीयांशाहून अधिक घटते. ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या मानांकनातील ब्राँझ आणि गोल्ड यांच्यात निम्म्या भारावर, म्हणजे क्षमतेच्या निम्मी वीज पुरवताना, हाच फरक आहे. हे आकडे ११५ व्होल्टवरच्या चाचणीचे असून आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही किंचित सुधारतात. लहान आकारात उष्णतेला पसरायला जागा नसते. त्यामुळे मोठ्या कॅबिनेटमध्ये ब्राँझवर भागत असले, तरी छोट्यासाठी गोल्डच्या खाली उतरू नये असे माझे ठाम मत आहे.

सोलापूरकरांनी यात आणखी एक गोष्ट धरावी. ‘८० प्लस’ची चाचणी २३ अंश सेल्सिअस तापमानात होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी कॅबिनेटच्या आतली हवा त्याहूनही तापलेली असते. जो एसएमपीएस वातानुकूलित दुकानात ऐकूही येत नाही, तोच मे महिन्याच्या दुपारी घोंघावू लागतो. तेव्हा निवड करताना वर्षातला सर्वांत कठीण महिना डोळ्यांसमोर ठेवावा.

आकाराचे गणित सोपे आहे, मात्र ते टेप घेऊन करावे, अंदाजाने नव्हे. नेहमीच्या, एटीएक्स आकाराचा एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० किंवा अधिक लांब असतो. छोट्या कॅबिनेटसाठीचा एसएफएक्स १२५ रुंद, ६३.५ उंच आणि १०० लांब, तर एसएफएक्स-एल तेवढाच रुंद व उंच, पण १३० लांब असतो. चपट्या कॅबिनेटमध्ये बसणारा फ्लेक्स एटीएक्सही मिळतो, पण त्यातला ४० मिलिमीटरचा पंखा हवा ढकलण्यासाठी फार वेगाने फिरतो. शांतता हवी असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. कॅबिनेटमधली लांबी मोजताना केबलच्या वळणासाठी तीन-चार सेंटिमीटर जागा जास्तीची धरावी. जागा असेल तर एसएफएक्स-एल घ्यावा, कारण त्यात १२० मिलिमीटरचा पंखा बसतो, तर एसएफएक्समध्ये बहुधा ८० किंवा ९२ मिलिमीटरचा. मोठ्या पंख्याला तेवढीच हवा फेकण्यासाठी कमी फेरे पुरतात, आणि पंख्याचे फेरे निम्मे झाले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो.

आता वॅट. साखर पेठेतल्या एका परिचितांच्या घरी खाली यंत्रमाग आहेत आणि वरच्या खोलीत त्यांचा मुलगा चादरीच्या जेकार्ड नक्षीचे काम संगणकावर करतो. माग बंद झाल्यावर, रात्री, त्याचे खरे काम सुरू होते आणि त्याच वेळी संगणकाचा आवाज घरभर ऐकू येई. कॅबिनेट उघडून मोबाइलच्या उजेडात एसएमपीएसवरचे लेबल वाचले. ठळक अक्षरांत ४५० लिहिलेले होते, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. त्याच्या संगणकातल्या ६५ वॅट गटातल्या एएमडी प्रोसेसरला प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत लागू शकत होते आणि कार्डाला ११५, म्हणजे दोहोंची बेरीजच २०३. बिचारा एसएमपीएस क्षमतेबाहेर राबत होता. दुकानदाराने मोठा आकडा दाखवून तो विकला होता याची चीड मला आजही येते, कारण त्या लेबलवर खरी माहिती छापलेली होती. फक्त ती कोणी समजावून सांगितली नव्हती.

म्हणून दुकानात पहिल्यांदा १२ व्होल्टचे अँपिअर वाचावेत आणि बाराने गुणावे. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तेथे ३७ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. मग प्रोसेसर आणि कार्ड यांच्या कमाल वॅटमध्ये मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे ५० मिळवावेत आणि ही बेरीज एसएमपीएसच्या निम्म्याच्या थोडी वर राहील असा आकडा निवडावा. त्या मुलासाठी बेरीज २५३ आली आणि आम्ही ४५० वॅटचा गोल्ड निवडला. ही मोकळीक उधळपट्टी नव्हे. निम्म्या भारावर कार्यक्षमता सर्वाधिक असते आणि पंखा सावकाश फिरतो. ताकदीचे नवे ग्राफिक्स कार्ड पुढे बसवायचे असेल, तर एटीएक्स ३.१ मानकाचा एसएमपीएस पाहावा. त्या कार्डांच्या वीजमागणीतल्या क्षणिक उसळ्या झेलण्याची तयारी त्यात असते.

कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारी सोय अनेक महागड्या एसएमपीएसमध्ये मिळते. हिवाळ्यात, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या थंडीत, ती खरोखर सुखाची वाटते. उन्हाळ्यात मात्र पंखा दर काही मिनिटांनी सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि ही चालबंद सावकाश अखंड फिरणाऱ्या पंख्यापेक्षा कानाला अधिक खुपते. ही सोय बंद करण्याचे बटण असलेला एसएमपीएस मिळाला, तर तोच घ्यावा. आवाजाचे खरे माप हवे असेल, तर सायबेनेटिक्स या संस्थेचे लॅम्बडा मानांकन पाहावे: ‘ए प्लस प्लस’ म्हणजे १५ डेसिबलपेक्षा कमी, ‘ए प्लस’ म्हणजे १५ ते २०, ‘ए’ म्हणजे २० ते २५.

पंख्याचा नसलेला एक आवाजही असतो. आतल्या तारेच्या वेटोळ्यांतून, म्हणजे कॉइलमधून, येणारी बारीक किणकिण किंवा शिटी बाहेरून ओळखता येत नाही, प्रत्येक नगागणिक ती वेगळी असते. आपल्याकडे आणखी एक कारण संभवते: चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर चांगला एसएमपीएसही गुणगुणतो. वीज गेल्यावरच आवाज येत असेल, तर दोष एसएमपीएसचा मानू नये. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर वापरून पाहावा आणि तो यूपीएस मोडवर, म्हणजे वीज जाताच झटपट बॅटरीवर जाईल असा, ठेवावा.

धुळीचे काय? त्या खोलीतल्या जुन्या एसएमपीएसच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा नमद्यासारखा जाड थर बसला होता, नखाने सोलला तर तो अखंड निघाला. मागांच्या परिसरात एसएमपीएसचा पंखा वरच्या बाजूस उघडा ठेवू नये. तो कॅबिनेटच्या जाळीकडे तोंड करून बसवावा आणि त्या जाळीला निघणारा फिल्टर असावा. ब्लोअरने साफ करताना वीज काढून पाते काडीने अडवून धरावे. एसएमपीएस स्वतः मात्र कधीही उघडू नये, कारण वीज काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारा व्होल्टेज उरू शकतो.

बदलताना जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला लावू नयेत. टोके बसली, तरी आतली तारांची मांडणी कंपनीनुसार वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळू शकते. एसएफएक्सच्या केबल आखूड असतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवायचा असेल, तर त्या पुरतील का हे आधी पाहावे.

घरी आणल्यावर बिल जपून ठेवावे आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी दोनदा तपासावे: एकदा भर दुपारी, नेहमीचे सर्वांत जड काम अर्धा तास चालवून, आणि एकदा रात्री, खोलीतला सीलिंग फॅन बंद करून.