एआरटीवरच्या (एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या) रुग्णाच्या तोंडात न दुखणारा व्रण दिसला तर

ठाण्यातल्या दाताच्या दवाखान्यात तोंडात व्रण दिसला की संशय आधी तंबाखूवर जातो, मग टोकदार दाढेवर. रुग्णाला एचआयव्ही असेल तर सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजारही मनात यायलाच हवा.

ग्लव्ह्ज घाला, जीभ गॉजने धरून हलकेच बाहेर ओढा. दोन्ही कडा, टाळू, टॉन्सिल, ओठांचे कोपरे नीट उजेडात पाहा. पांढरा थर गॉजने पुसून निघाला आणि खाली लाल दिसलं, तर बहुधा कँडिडा (बुरशी). जिभेच्या कडेला न निघणारा चट्टा दिसला की हेअरी ल्यूकोप्लेकिया (एचआयव्हीत दिसणारा पांढरा चट्टा) असं लिहून मोकळे होऊ नका, सिफिलिसचा चट्टा अगदी तसाच दिसू शकतो. ओठावरचा किंवा जिभेवरचा व्रण चिमटीत धरून बघा: सिफिलिसच्या पहिल्या टप्प्यात कडा टणक, बटणासारख्या, आणि रुग्ण कळवळत नाही. दुसऱ्या टप्प्यात लाल किनारीचे राखाडी चट्टे येतात, कधी गोगलगाय सरकून गेल्यासारखे नागमोडी. एचआयव्हीत व्रण एकापेक्षा जास्त असू शकतात, दोन्ही टप्पे एकत्रही दिसतात. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग आहेत का, तेही पाहा.

खरी फसगत पुढे होते. जेल लावायला दिलं जातं, व्रण ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो आणि सगळ्यांना वाटतं, गुण आला. जंतू मात्र शरीरात तसाच राहतो.

म्हणून रक्त तपासा: व्हीडीआरएल किंवा आरपीआर (सिफिलिसच्या चाळणी चाचण्या), जोडीला टीपीएचए (खात्रीची चाचणी). लक्षणं ठळक असून व्हीडीआरएल निगेटिव्ह आली, तर सीरम डायल्यूट करून पुन्हा करायला लॅबला सांगा. अँटिबॉडी फार झाल्या तरी चाचणी चुकते. व्रण ताजा असेल तर २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोंडातल्या स्रावाच्या डार्कफील्डवर (सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहण्यावर) विसंबू नका, तिथे तसेच दिसणारे निरुपद्रवी जंतू असतात.

सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवून विचारा, ‘गेल्या तीन महिन्यांत तोंडाने संबंध आला होता का?’ आवाज नेहमीचाच ठेवा. त्या काळातल्या जोडीदारांनाही उपचार लागतात.

सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथीन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. लागण केव्हाची ते कळत नसेल तर दर आठवड्याला एक असे तीन डोस. आधी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी विचारा. पहिल्या २४ तासांत ताप येऊ शकतो, हे रुग्णाला आधीच सांगा, नाहीतर तो रिअ‍ॅक्शन समजून घाबरतो. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) हे मोफत मिळतं. जवळचं केंद्र १०९७ या हेल्पलाइनवर विचारता येतं.

धूसर दिसणं, कानात आवाज, ऐकू कमी येणं किंवा सतत डोकं दुखणं असेल तर हे इंजेक्शन पुरत नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. बाकीच्यांची व्हीडीआरएल उपचारानंतर ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी; तिची पातळी (टायटर) चौपट घटायला हवी, उदा. १:३२ वरून १:८ किंवा त्याहून खाली.