मुलं असलेल्या घरात स्पीकर स्टँड
धरून उभं राहायला शिकणारं मूल स्टँडलाच लटकतं, म्हणून रुंद, जड तळाचाच घ्या. सोफ्यावर बसल्यावर ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजाचा छोटा भाग) कानाच्या पातळीत यावा. बुकशेल्फ म्हणजे लहान आकाराच्या स्पीकरला बहुधा 60 सेंमी उंची पुरते. खांब पोकळ असेल तर खालच्या अर्ध्या भागात कोरडी वाळू भरा. ओली वाळू आतून गंज धरवते.

गुळगुळीत फरशीवर स्पाइक (स्टँडखालचे धातूचे टोकदार पाय) घसरतात, रबरी पाय लावा. स्पीकरखाली चारही कोपऱ्यांत वाटाण्याएवढी चिकट पुट्टी (पोस्टर चिकटवायची, भिंतीला लावायची नव्हे) दाबून बसवा.

पण खरा भरवसा पट्ट्याचा. स्पीकरच्या मागे स्क्रूची भोकं असतील तर तिथे, नाहीतर खांबाच्या वरच्या टोकाला नायलॉनचा पट्टा बांधून भिंतीला आवळा. पट्ट्याच्या स्क्रूसाठी भिंतीत बसवायचा रावल प्लग (प्लास्टिकची गुल्ली) नुसत्या प्लास्टरमध्ये उपटून येतो, तो विटेत शिरलाच पाहिजे. वायर खांबाला बांधून भिंतीलगत न्या. लोंबती वायर फरशी पुसताना हमखास अडकते.