‘गोएस’ला मराठीत काय म्हणायचं?

जुन्या ग्रीक मजकुरात ‘गोएस’ आला की बरेच जण ‘जादूगार’ लिहून मोकळे होतात. आपल्या वऱ्हाडातल्या वाचकापुढे मग जत्रेत टोपीतून कबुतर काढणारा उभा राहतो आणि वाक्याची धार जाते.

आधी शब्द ओळखा. अक्षरं चार: गॅमा, ओमिक्रॉन, ईटा, सिग्मा. अनेकवचन ‘गोएतेस’. हा ‘त’ मुळातलाच, कर्त्याच्या एकवचनात गळतो; म्हणून कोशात ‘गोएस’च शोधा. नातं ‘गोओस’शी, म्हणजे मयतावरच्या आक्रोशाशी. मयत उचलताना बाया एकेक आठवण घेत हेल काढून रडतात, तो सूर कानात आणा. तशा सुरानं मेलेल्याला हाक घालणारा, तो गोएस. पुढे मंत्र घालणारा, आणि मग गंडवणारा.

आता शेजारचे शब्द बघा, अर्थ तिथं सापडतो. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘बाखाय’ नाटकात राजा पेन्थेउस परक्या माणसाला गोएस म्हणतो आणि लगेच ‘एपोदोस’ जोडतो: मंत्र गाणारा. तिथं ‘मांत्रिक’ बसतो, पण सूर तुच्छतेचा, म्हणून ‘कुठलासा मांत्रिक’ करा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सांगितलेले नेउरी लोक वर्षातून काही दिवस लांडगे होतात म्हणे (त्याला स्वतःला पटत नाही). तिथं गोएतेस म्हणजे ‘चेटूक करणारे’. इ.स.पू. 330च्या भाषणात अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस म्हणतो, विरोधक मला गोएस ठरवतो. इथं मंत्रतंत्र काहीच नाही. ‘बोलण्यानं भुरळ घालणारा’ लिहा. बायबलच्या नव्या करारात, तीमथ्याला दुसरे पत्र, 3:13 इथं सरळ ‘भोंदू’. मराठी बायबलनंही तोच घेतलाय.

घोळ होतो तो ‘मागोस’शी. तो मुळात इराणी पुरोहित, मत्तयाच्या शुभवर्तमानात ताऱ्यामागून येणारे ते. ‘फार्माकेउस’ औषध-विषवाला. आणि मेळघाटातला ‘भुमका’ लावायचा मोह होईल, तो आवरा. भुमका गावानं मानलेला माणूस, पूजा आणि जडीबुटी बघणारा. गोएस मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यानं चिकटवलेली शिवी.

तीमथ्याचं वाक्य पारावर वाचून दाखवा. “खेळ कवा दाखवते?” असं कोणी विचारलं तर शब्द बदला. “कोणाले गंडवलं यानं?” आलं तर तसाच ठेवा.