उकळते सांबार, पातळ पिशवी आणि चरबीच्या पेशी
मुंबईत हॉटेलातून पार्सल आणलेले उकळते सांबार पातळ प्लास्टिकच्या पिशवीत राहू देऊ नये. घरी येताच ते स्टीलच्या पातेल्यात ओतावे, किंवा मुळात स्वतःचा डबाच न्यावा. उष्णता आणि तेल यांमुळे प्लास्टिकमधील थॅलेटसारखी, संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायने अन्नात अधिक उतरतात. अशांपैकी शरीरात चरबी वाढवू शकणाऱ्या काही रसायनांना २००६ मध्ये ‘ओबेसोजेन’ (लठ्ठपणा आणणारे) हे नाव मिळाले. त्यांतलेच एक, जहाजांच्या रंगात पूर्वी वापरले जाणारे ट्रायब्युटिलटिन, पेशीतील पीपीएआर-गॅमा या ग्राहीला (रासायनिक संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला) चालना देते, तेव्हा एरवी हाडाची पेशी होऊ शकणारी मूळपेशी चरबीच्या पेशीकडे वळते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. (वजनवाढीचा सगळा दोष मात्र प्लास्टिकच्या माथी मारू नये, वडापावही आहेच.) मायक्रोवेव्हमध्ये काचेचेच भांडे ठेवावे, आणि घरात कोणी गरोदर असल्यास हे नियम अधिक कसोशीने पाळावेत, कारण चरबीच्या पेशींची घडण गर्भातच सुरू होते.