सराफ्यातला व्हिडिओ सराफ्यातच का अडकतो? इंदूरच्या मराठी चॅनेलवाल्यांनी या चुका टाळा

थंडीत रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सोन्याच्या बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, उभं राहून गराडूचं (तळलेल्या कंदाचं) शूटिंग होतं, दोन दिवस एडिटिंग चालतं, व्हिडिओ चढतो आणि आठवड्याभरात आकडा शे-दीडशेवर येऊन थबकतो. त्यातले बरेचसे बघणारे मामा, आत्या आणि कॉलनीतली मंडळी. मग सगळा दोष अल्गोरिदमवर जातो. कारण मात्र बहुतेक वेळा जवळच सापडतं. व्हिडिओ इंदूर पाहिलेल्या माणसाला धरून बनवलेला असतो आणि यूट्यूब तो नाशिक, नागपूर, साताऱ्याच्या माणसासमोर ठेवतं. त्याला गराडू म्हणजे काय, हेच ठाऊक नसतं. पहिल्या काही सेकंदांत काही कळलं नाही की तो अंगठ्याने पुढे सरकतो आणि असे बरेच जण सरकले की यूट्यूबही तो व्हिडिओ दाखवणं कमी करतं.

खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीतून निघतात.

इंदूर, इंदौर आणि शीर्षक

मराठीत आपण इंदूर लिहितो, हिंदीत इंदौर, आणि फोनवर शोधताना निम्मे लोक रोमन अक्षरांत टाइप करतात. म्हणून तिन्ही रूपं शीर्षकात कोंबली जातात आणि शीर्षकाचा चिवडा होतो. शीर्षक एकाच भाषेत, सरळ ठेवा. मर्यादा १०० अक्षरांची असली तरी मोबाइलवर शेवटचा भाग कापला जातो, त्यामुळे मुख्य शब्द पहिल्या ५० अक्षरांत यायला हवेत. ‘आज आम्ही गेलो सराफ्यात, खूप मजा आली, भाग ३’ हे शीर्षक फक्त भाग १ आणि २ पाहिलेल्यांसाठी आहे. ‘गराडू म्हणजे काय? इंदूरच्या सराफ्यातला थंडीतला तळलेला कंद’ हे कोणासाठीही आहे.

इंदौर आणि रोमन स्पेलिंग टॅगमध्ये, म्हणजे व्हिडिओसोबत भरायच्या शोधशब्दांत, टाका. तिथे एकूण ५०० अक्षरं मावतात. टॅगमुळे व्हिडिओ वर येतो हा समज सोडून द्या. त्यांचा खरा उपयोग वेगवेगळ्या किंवा चुकीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्यांपुरताच आहे. हॅशटॅग दोन-तीन पुरेत. ६० पेक्षा जास्त झाले तर यूट्यूब त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षित करतं.

यानंतरची चूक दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं चालू राहते. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या तपशिलांत ‘अधिक दाखवा’ उघडलं की व्हिडिओची भाषा आणि शीर्षक-वर्णनाची भाषा अशा दोन जागा दिसतात. इंदूरमध्ये बहुतेकांचे फोन हिंदीत किंवा इंग्रजीत असल्याने तिथे भलतीच भाषा लागलेली असते. दोन्हीकडे मराठी निवडा. मग ‘भाषा’ या भागात (पूर्वीचं नाव ‘सबटायटल्स’) जाऊन हिंदी भाषा जोडा आणि शीर्षक-वर्णनाचं हिंदी रूप तिथे भरा. ज्याचं यूट्यूब हिंदीत आहे त्या शेजाऱ्याला हिंदी शीर्षक दिसेल, साताऱ्याला मराठी. एकच व्हिडिओ दोन चॅनेलवर दोनदा चढवायची गरज राहत नाही.

सुरुवात

आधी फिरणारा लोगो, मग ‘नमस्कार मित्रांनो’, मग मागच्या व्हिडिओचे आभार, मग राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत चालत जाणं. गराडू येतो तो पावणेदोन मिनिटांनी. सुरुवात कढईतून निघालेल्या तुकड्यांवर पडणाऱ्या मसाल्याने आणि पिळलेल्या लिंबाने करा. पाचव्या सेकंदाला हा कंद आहे, थंडीतच मिळतो आणि दिवसा जिथे सोनं विकलं जातं त्या गल्लीत रात्री मिळतो, एवढं सांगून टाका. लोगो हवाच असेल तर दोन सेकंद, आणि तोही यानंतर.

बिघाड कुठे आहे ते ॲनालिटिक्स सांगतं. क्लिक-थ्रू दर, म्हणजे व्हिडिओ जितक्यांदा समोर आला त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं तो आकडा, कमी असेल तर दोष थंबनेलचा (व्हिडिओच्या मुखचित्राचा) किंवा शीर्षकाचा. यूट्यूबवरच्या निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. दर बरा आहे, पण रिटेन्शनचा (कितव्या सेकंदाला किती जण अजून बघतायत त्याचा) आलेख पहिल्या ३० सेकंदांतच कड्यावरून पडावा तसा पडतोय, तर दोष सुरुवातीचा. पहिल्या दिवशी घरचीच माणसं क्लिक करतात म्हणून दर फुगलेला दिसतो आणि व्हिडिओ अनोळखी लोकांकडे जाऊ लागला की उतरतो. तो उतरला म्हणून घाबरून रोज शीर्षक बदलू नका.

थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं करा. त्यावर चारपेक्षा जास्त शब्द नकोत. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं, तिथे काही लिहिलं तर ते झाकलं जातं. स्वतःचं थंबनेल लावायची किंवा १५ मिनिटांहून लांब व्हिडिओ चढवायची सोय दिसत नसेल तर चॅनेलचा फोन नंबर व्हेरिफाय झालेला नाही, एवढंच.

आवाज: इथे सगळ्यात जास्त माणसं गळतात

थोडं धूसर चित्र लोक चालवून घेतात. कानाला त्रास झाला की निघून जातात. सराफ्यात भट्ट्यांची घरघर, कढईची चरचर, हॉर्न आणि ‘आइए भैया’ एकाच वेळी चालू असतं, आणि तीन फुटांवर धरलेल्या फोनचा माइक हे सगळं सारख्याच मापाने उचलतो. उपाय महाग नाही. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, त्याला फोमची किंवा केसाळ टोपी घाला. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरात बोललेला शब्द उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो नंतर कुठल्याही ॲपने नीट होत नाही. कढईची चरचर हवी असेल तर ती वेगळी, जवळून, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि एडिटिंगमध्ये हळू आवाजात खाली घाला.

‘माझा व्हिडिओ इतरांपेक्षा हळू का वाजतो?’ याचं उत्तर असं: यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) हे प्रमाण धरतं. त्याहून मोठा आवाज ते खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. कंप्युटरवर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. त्यात कंटेंट लाउडनेसपुढे उणे ९ डेसिबल दिसलं तर तुमचा व्हिडिओ प्रमाणापेक्षा तेवढा हळू आहे. पुढच्या व्हिडिओला एक्सपोर्टच्या आधीच तो फरक भरून काढा. आणि शेवटचं ऐकणं हेडफोनवर नाही, फोनच्या स्पीकरवर करा, कारण बघणारा तिथेच ऐकतो. पेटी-तबल्याचं पार्श्वसंगीत हेडफोनवर गोड वाटतं आणि स्पीकरवर बोलणं खाऊन टाकतं.

झांक्यांच्या दिव्यांवर काळे पट्टे

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या (कापड गिरण्यांच्या) झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात आणि दुसऱ्या दिवशी तऱ्हेतऱ्हेचे व्हिडिओ येतात. अर्ध्यांमध्ये रोषणाई लुकलुकते किंवा चित्रावरून आडवे पट्टे वर-खाली सरकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोन सेकंदाला ३० फ्रेमवर आणि शटर ऑटोवर असलं की हा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ती सोय नसेल तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा. रंग बदलणाऱ्या एलईडी माळांची स्वतःची वेगळी गती असते, म्हणून मिरवणूक यायच्या आधी एखाद्या सजवलेल्या मंडपापुढे दहा सेकंदांची चाचणी घ्या. हा दोष नंतर काढणं फार कठीण आहे.

मित्राने काढलेली क्लिप व्हॉट्सॲपवर साधी मागवू नका, ती दाबून लहान होऊन येते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते.

चढवताना

१०८० पिक्सेलचा व्हिडिओ २५ किंवा ३० फ्रेमचा असेल तर ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी), ५० किंवा ६० फ्रेमचा असेल तर १२ एमबीपीएस बिटरेटने एमपी४ मध्ये काढा. ८ एमबीपीएसने दहा मिनिटांची फाइल सुमारे ६०० एमबी होते. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळत असेल तर ती चढायला साधारण १६ मिनिटं लागतात. नेटच्या जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा डाउनलोडचा असतो, तेव्हा अपलोडचा वेग वेगळा मोजा.

फाइल चढली म्हणजे व्हिडिओ तयार झाला असं नाही. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत बनवतं, एचडी मागाहून येते. लगेच पब्लिक करून लिंक वाटली तर सगळ्यात उत्साहाने धावत आलेल्या लोकांनाच धूसर चित्र दिसतं. आदल्या रात्री प्रायव्हेट ठेवून चढवा आणि सकाळची वेळ शेड्युल करा.

त्या रात्री एकदा पूर्ण बघा, कारण एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. समजा, राजवाड्यासमोर उभं राहून तुम्ही म्हणालात की अहिल्याबाईंनी इथूनच राज्य केलं. त्यांची राजधानी महेश्वर होती. पहिल्या तासात कोणीतरी ते दाखवून देईल आणि ते योग्यच आहे. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ते वाक्य मधून कापता येतं, नवं वाक्य घालता येत नाही. दुरुस्ती पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहा. डिलीट करून परत चढवलं तर व्ह्यूज, कमेंट आणि आधी वाटलेल्या लिंका सगळं जातं.

‘हा व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवला आहे का?’ या प्रश्नावर मराठी घरांत फार चुकीची उत्तरं दिली जातात. गणपतीत मुलांनी म्हटलेलं अथर्वशीर्ष, शाळेतलं नाटक, नातीचा नाच यांना ‘हो’ म्हटलं जातं, कारण ‘मुलांनी बघायला हरकत नाही’ असा अर्थ घेतला जातो. विचारलं हे आहे की तो मुलांना उद्देशून केला आहे का. ‘हो’ म्हटलं की कमेंट बंद, एंड स्क्रीन आणि कार्ड (व्हिडिओत दिसणारे दुसऱ्या व्हिडिओंचे दुवे) बंद, सबस्क्राइबरना सूचना जात नाहीत. ‘कमेंट का येत नाहीत?’ याचं कारण बरेचदा हेच निघतं. खरोखरच लहानग्यांसाठीचं बडबडगीत असेल तर मात्र ‘हो’च म्हणायला हवं.

मागे वाजणारं गाणं

रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) शूट केली की डीजेवरची चित्रपटगीतं आपोआप व्हिडिओत येतात. कंटेंट आयडी ही यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि क्लेम, म्हणजे हक्कदाराचा दावा, येतो. क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेममध्ये जाहिरातीचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं किंवा व्हिडिओ अडवला जातो, चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा ठपका, गंभीर आहे, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. अपलोडच्या ‘तपासण्या’ या टप्प्यावर प्रसिद्ध करायच्या आधीच क्लेम दिसतो. तिथे थांबा आणि तो तुकडा कापा, गाणं म्यूट करा किंवा बदला.

नाट्यसंगीताच्या बाबतीत ‘पद जुनं आहे, कोणाचं काय जाणार?’ हा युक्तिवाद अपुरा आहे. भारतात कवी-लेखकाच्या कृतीवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. पद मुक्त झालं तरी त्याचं अलीकडचं रेकॉर्डिंग मुक्त नसतं. तुमच्या गायिकेने स्वतः गायलेल्या पारंपरिक बंदिशीवर चुकून क्लेम आला तर डिस्प्यूट करा, म्हणजे त्यावर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. गायिकेची आणि साथीदारांची परवानगी आधी घ्या, व्हॉट्सॲपवर लेखी असली तरी चालेल.

वाटताना

एकच लिंक ‘नक्की बघा’ म्हणून वीस ग्रुपवर टाकणं हा प्रचार नाही. दीड तासाच्या मैफलीची लिंक नाट्यसंगीतवाल्यांच्या ग्रुपवर द्यायची तर पद सुरू होतं तिथूनच द्या: कंप्युटरवर शेअर दाबल्यावर ‘इथून सुरू करा’ची खूण येते, ती टिचकवा. वर्णनात भागांच्या वेळा लिहून चॅप्टर घालताना पहिली वेळ ००:०० असावी, अशा किमान तीन नोंदी असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असावा. यातलं एक चुकलं तरी चॅप्टर दिसत नाहीत.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोमध्ये द्या. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातलीही चालत नाही. तिथे ‘संबंधित व्हिडिओ’ या जागेत मोठा व्हिडिओ जोडा. ‘तू मला सबस्क्राइब कर, मी तुला’ हे नियमाविरुद्ध आहे आणि त्यातून आलेली माणसं व्हिडिओ बघतही नाहीत. जाहिरातींच्या पूर्ण उत्पन्नासाठी १,००० सबस्क्राइबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास लागतात. शॉर्ट्सच्या फीडमधलं बघणं त्या तासांत धरत नाहीत, आणि प्रायव्हेट, अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसणाऱ्या) किंवा डिलीट केलेल्या व्हिडिओंचे तासही धरत नाहीत. उंबरठ्यावर आलेलं चॅनेल ‘जुने व्हिडिओ बरे दिसत नाहीत’ म्हणून साफसफाई करतं आणि मागे जातं.

पब्लिक करण्याआधी व्हिडिओ अनलिस्टेड करून त्याची लिंक इंदुरात कधीही न आलेल्या एका मराठी माणसाला पाठवा. वीस सेकंद बघून थांबायला सांगा आणि विचारा: हे कशाबद्दल आहे, कुठलं आहे, पुढे काय दिसेल असं वाटतं? तीनपैकी ज्याचं उत्तर अडलं, तेवढी दुरुस्ती करा आणि मग वेळ लावा.