प्रोस्टेटची मायक्रो-अल्ट्रासाउंड शिकू पाहणाऱ्यांसाठी

एमडी रेडिओलॉजीनंतर प्रोस्टेटकडे वळायचं ठरवलं की सगळ्यांचं लक्ष आधी एमआरआयकडे जातं. मीही एमआरआय वाचायला शिकायचं म्हणूनच कॅनडाला गेले, आणि तिथे हातात आला मायक्रो-अल्ट्रासाउंडचा २९ मेगाहर्ट्झचा प्रोब. या वाटेने कोणी येणार असेल, तर हे आधीच ठाऊक असू द्या.

नेहमीच्या ट्रान्सरेक्टल (गुदमार्गातून केलेल्या) सोनोग्राफीत साधारण ६ ते १२ मेगाहर्ट्झ वापरतात. ग्रंथीचा आकार कळतो, सुई दिसते, पण कॅन्सर बऱ्याचदा आजूबाजूच्या टिश्यूत मिसळून जातो. त्यामुळे वर्षानुवर्षं ठरलेल्या जागांवरून बायॉप्सीसाठी साधारण बारा तुकडे घ्यायची पद्धत चालत आली. मायक्रो-अल्ट्रासाउंडमध्ये सुमारे ७० मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो, म्हणून संशयित जागा बघता बघताच सुई घालता येते.

पण नवख्या डोळ्याला सगळंच संशयित वाटतं. म्हणून आधी निरोगी ग्रंथी भरपूर बघा. पेरिफेरल झोनमध्ये, म्हणजे ग्रंथीच्या मागच्या-बाहेरच्या भागात, नलिकांची बारीक, एकसारखी जाळी असते. बहुतेक कॅन्सर याच भागात होतात. ती जाळी नजरेत बसली की कुठे पुसली गेलीय ते लगेच खटकतं. २०१६ साली आलेल्या 'प्राय-मस' श्रेणीत कॅन्सरचा संशय किती ते १ ते ५ आकड्यांत सांगतात: १ म्हणजे हीच जाळी, आणि ५ म्हणजे वेडीवाकडी सावली किंवा ग्रंथीची बिघडलेली कड. बायॉप्सीच्या प्रत्येक तुकड्याला आपला आकडा आधी लिहून ठेवा, मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडा. माझी नजर खरी याच सवयीने तयार झाली.

प्रोब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवा. दाबू नका, टिश्यू चेपली जाते आणि पेशंटला दुखतं. कुशीवर झोपलेला माणूस संकोचलेला असतो. पुढे काय करणार ते त्याला प्रत्येक वेळी सांगा.

२०२५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ऑप्टिमम चाचणीचे निष्कर्ष आले. ६७८ पुरुषांच्या या अभ्यासात महत्त्वाचा (उपचार लागू शकेल असा) कॅन्सर मायक्रो-अल्ट्रासाउंडने ४७.१ टक्के जणांत सापडला, एमआरआय फ्यूजनने (एमआरआयचं चित्र नेहमीच्या सोनोग्राफीशी जुळवून केलेल्या बायॉप्सीने) ४२.६ टक्के जणांत. म्हणजे ही पद्धत एमआरआयपेक्षा कमी पडली नाही, एवढंच यातून म्हणता येतं. पण ध्वनिलहरींची वारंवारता वाढली की त्या कमी खोलवर पोचतात. मोठ्या ग्रंथीचा पुढचा भाग नीट दिसत नाही, तिथे मला एमआरआय हवाच असतो.

भारतात परतून काम करणार असाल, तर प्रोब फक्त प्रोस्टेटचा असला तरी मशीनची नोंदणी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली करावी लागते. खरेदीआधीच ती कागदपत्रं सुरू करा.